दाब काढल्यावर

साखरा, ४ फेब्रुवारी २०२५

चि. शिवकन्यास आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर आता मला काहीच ऐकू येत न्हाई, म्हणून लिहून राहिले. तुझा फोटो पेपरात आला. तुझ्या वैजूदादानंच पेपरवाल्याला बातमी दिली. सोळा तारखेला मारुतीच्या पारावर सत्कार ठेवलाय. तुला सुट्टी न्हाई, तर शाल मी घ्यायची म्हणे. बायका विचारतात, पोरीनं काय शोधलं? मला उमजंल असं लिही. आणि जेवत जा, फोटोत गालफाडं दिसून राहिली.

तुझी आई,
मनकर्णा

पुणे, ११ फेब्रुवारी २०२५

ती. आईस शिवकन्येचा सा. न. वि. वि.

आम्ही प्रयोगशाळेत तपासतो तो खडा अभ्रकासारखा, पापुद्र्या-पापुद्र्यांचा असतो. प्रत्येक पापुद्रा लोहचुंबक, पण शेजारच्याच्या उलट तोंडाचा. म्हणून खडा बाहेरून चुंबक वाटत नाही. एका डबीत दोन हिऱ्यांमध्ये तो जोरात दाबला, तर पापुद्रे सरकतात आणि सगळ्यांची तोंडं एकीकडे होतात. दाब काढल्यावरही ती तशीच राहिली, हा आमचा शोध. पेपरात आलं ते हेच.

पण आई, परवा मी नुसत्या रिकाम्या डबीचं चुंबकपण मोजलं. खडा नसताना तीही चुंबक असल्यासारखी दिसली. म्हणजे आधी दिसलं त्यातलं खड्याचं किती आणि डबीचं किती, मला सांगता येत नाही. माझे सर म्हणतात, लेख छापायला पाठवून झालाय, उत्तर येईपर्यंत गप्प राहा. दादाला फोन केला, तर म्हणाला, सत्काराला येणाऱ्या सेनगावच्या पाहुण्यांना सांगून झालंय, आता तोंड उघडू नको. चांगला खडा एकच उरलाय. पुन्हा दाबताना तो फुटला तर खरं-खोटं कधीच कळणार नाही.

तू शाल घेऊ नकोस. दादा तुला हे सांगणार नाही, म्हणून स्पीड पोस्टानं पाठवते. वेळेत पोचू दे.

माया असू दे.
शिवकन्या

साखरा, १८ फेब्रुवारी २०२५

चि. शिवकन्यास आशीर्वाद. वि. वि.

पत्र शनिवारी पोचलं. वैजूला दाखवलं. त्यानं वाचून खाली ठेवलं आणि मांडववाल्याकडं निघून गेला. रातभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कार्यक्रम मोडावा तर पोराची मान खाली जाते, शाल घ्यावी तर तुझी.

पाहुणे आले. शाल पुढं केली तवा मी हात जोडले आणि माईक मागितला. म्हणाले, पोरीचं अजून बराबर ठरलेलं न्हाई, ती पुन्हा तपासून राहिली, ठरल्याबिगर शाल नको. मागं कुणी हसलं. रिटायर झालेले भीमसिंग गुरुजी म्हणाले, मग पेपरात काहून दिलं? मी म्हणाले, दाण्यांसंगं डब्याचंही वजन धरल्या गेलं, आता डबा येगळा तोलायचाय. पाहुणे न जेवताच गेले.

वैजू माझ्याशी बोलत न्हाई. ताटावरून उठून जातो. ते माझं मी बघते. तू तुझ्या सरांपुढं उभी राहा.

आई

पुणे, २७ मार्च २०२५

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी सरांकडे गेले. मी म्हणाले, तपासल्याशिवाय लेख छापला जाणार असेल तर माझं नाव काढा. ते फार चिडले. आठवडाभर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. मग त्यांनीच चुंबक न होणाऱ्या दुसऱ्या धातूची डबी मागवली.

उरलेला खडा मी नव्या डबीत दाबला. सर शेजारी उभे होते. खडा फुटला नाही. दाबल्यावर पापुद्र्यांची तोंडं खरंच एकीकडे झाली. दाब काढला, तर पुन्हा एकमेकांच्या उलट झाली. ती तशीच राहतात असं जे आधी दिसलं, ते डबीचं चुंबकपण होतं. सरांनी लेखातून ते काढलं आणि चूक कशी सापडली तेही लिहायला लावलं.

काल दादाचा फोन आला. त्यानं विचारलं, खरं किती निघालं? मी म्हणाले, अर्धं. तो म्हणाला, अर्धं तर अर्धं, पण ते तरी मला नीट समजावून सांग, गावात लोक मलाच विचारून राहिले. मी पहिल्यापासून सांगायला लागले, तर म्हणाला, थांब, हळू सांग, आई शेजारीच बसलीय, तिला मोठ्यानं सांगावं लागतं.

तुझी,
शिवकन्या