आठव्या फेरीत आत्या

चारकोप,
२९ जुलै २०२४

चि. नंदूस अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. फोनवर बोलायला लागले की तुझी लेक शेजारीच असते, आणि गोष्ट तिचीच आहे. तू गावचा पोस्टमास्तर, पत्र आधी तुझ्याच हातात पडेल. तुझ्या बायकोला, प्रेमाला, मात्र दाखवू नकोस, ती जेवण सोडेल.

प्रांजल विद्यापीठाच्या कराटे क्लबात जाते हे तुला ठाऊक आहे. आठवड्यातून दोनदा थोडा व्यायाम, असं म्हणाली होती. आता रविवारीही जाते. घामाने निथळत असली तरी घरात पूर्ण बाह्यांचा शर्ट. परवा भांडी घासताना बाही वर गेली, तर मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात काळेनिळे. विचारलं तर जिन्यावर पडले म्हणे. जिन्यावर पडणारी माणसं दोन्ही हात असे सारखे आपटून घेतात का रे? तिचा पांढरा ड्रेस मला धुवू देत नाही. मी पाहिला. कॉलरला रक्ताचा डाग होता. आणि फोनवर कुणाला तरी हसत सांगत होती की हर्षद सगळ्यात जोरात मारतो, पण मारतो झकास.

हा हर्षद कोण? मला काही बरं दिसत नाही.

आमच्यावर माया असू दे, पत्र लवकर टाक.
तुझी ताई,
वनमाला


आंबेरी,
३ ऑगस्ट

ती. ताईस नंदूचा सा. न. वि. वि.

टपालाची पिशवी फोडली आणि उभ्या उभ्याच वाचलं. मग प्रांजलने गेल्या महिन्यात पाठवलेले फोटो पुन्हा पाहिले. तीन फोटो, तिन्हींत हात पाठीमागे. तेव्हा मला ती ऐटीत उभी वाटली होती.

जिन्याचं खोटं ती तुला सांगते, त्या अर्थी खरं सांगण्यासारखं नसणार. कुणी धाक घालतंय का? तो शिकवणारा मास्तर कोण, कुठला? रोज दिवा लावताना तिचं नाव घेतो, पण हल्ली मन स्थिर राहत नाही.

तू एकदा जाऊन बघ. तिला सुगावा लागू देऊ नकोस. काही वावगं असेल तर गणपतीला येईल ती इथेच राहील. पुढचं शिक्षण कणकवलीत.

लहान भावावर लोभ आहे तो कमी होऊ देऊ नये.
नंदू


चारकोप,
१२ ऑगस्ट

चि. नंदूस आशीर्वाद.

काल भजनाला जाते सांगून तिच्या मागोमाग गेले. हॉलच्या जाळीच्या खिडकीशी उभी राहिले. आधी सगळ्यांनी गुडघे टेकून भिंतीवरच्या एका म्हाताऱ्याच्या फोटोपुढे डोकं टेकलं. कोण म्हातारा, देव जाणे. मग आपली पोर मधोमध एकटी आणि बाकीचे गोल करून. एकेक जण पुढे यायचा, तिला मारायचा, मागे जायचा, की दुसरा. ती हात उचलत होती, पण किती पुरी पडणार? मास्तर नुसते घड्याळ धरून उभे. सहाव्याला तिचा ओठ फुटला. आठवा आला तो हर्षद. सहा फूट. त्याची लाथ बरगडीत बसली आणि ती दुमडली. एकही मेला पुढे झाला नाही.

मग मी झाले. चपलांसकट आत गेले आणि हर्षदच्या पाठीत छत्री घातली. त्याने वळून मला वाकून नमस्कार केला, नंदू! मला दुसरी मारवेना.

मास्तर ग्रेगरी सर, गोराईचे, आपल्यासारखंच मराठी बोलतात. शांतपणे म्हणाले, मावशी, दोनच राहिले होते. ती शिक्षा नव्हती, पट्ट्याची परीक्षा होती. एकेक मिनिटाच्या दहा फेऱ्या, समोर दरवेळी ताजा माणूस. कुणी मध्ये पडलं की परीक्षा बाद, पुढची सहा महिन्यांनी. आणि हा पट्टा नाही तर विद्यापीठाच्या संघात जागा नाही.

प्रांजल माझ्याशी बोलत नाही. जेवते, ताट घासते, भिंतीकडे तोंड करून झोपते. माझं चुकलं की त्यांचं, तूच सांग.

अशी असले तरी तुझीच,
वनमालाताई


आंबेरी,
१७ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

परीक्षा असेल, पण मग लपवायची कशाला? आणि मारणारा नमस्कार का करतो, हे मला उलगडत नाही.

तिला परत आणायचं ठरवून रवळनाथाला कौल लावला. पोरीला तिथेच राहू दे, असा उजवा कौल आला. विश्वास बसेना, पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा उजवा. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा गुरव म्हणाला, मास्तर, देवाची सही खोटी वाटते काय? लाज वाटली आणि उठलो.

तेव्हा तू सरांकडे जा. चूक आपली, पोरीला पुन्हा उभी राहू द्या, असं सांग. पण तूही आत बसून बघ आणि मला खरं काय ते कळव. त्यावर गणपतीचं ठरवीन.

कृपा असावी, राग नसावा.
नंदू


चारकोप,
२६ ऑगस्ट

चि. नंदूस आशीर्वाद.

सर भला माणूस. म्हणाले, या खेपेला सहा महिने थांबायला नको, पण पुन्हा पहिलीपासून दहाही, आणि मावशींनी आत बसायचं, पण उठायचं नाही. काल झाली परीक्षा. पोर पास. साधं खरचटलंही नाही. काळजी नसावी.

सगळ्यांना आशीर्वाद, प्रेमाला विशेष.
वनमाला


चारकोप,
२७ ऑगस्ट

ती. बाबांस सा. न.

आत्याने कालचं पत्र चिकटवायला माझ्याकडे दिलं. मी वाचलं, मग तुमची तिला आलेली पत्रंही वाचली. तुम्ही दोघं माझ्यावर पाळत ठेवून होता हे तेव्हा कळलं. खूप राग आला. आत्याचं पत्र मी टाकलं, पण त्यात एक खोटं आहे, ते तसंच राहू द्यायला बरं वाटेना.

चौथ्या फेरीत माझ्या डाव्या हाताची करंगळी मोडली. पुढच्या सहा फेऱ्या मी तशाच केल्या. आत्याने पाहिलं होतं. ती उठली नाही. स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. दवाखान्यातून येताना रिक्षात तीच जास्त रडली आणि तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. ती मी मोडतेय.

जिन्याचं खोटं माझं. खरं कळलं तर क्लब बंद कराल, म्हणून बोलले. हात काळेनिळे होतात ते सरावाने, आम्ही हातावर हात आपटतो. हर्षददादा नमस्कार करतो, कारण समोर उभं राहणाऱ्याला आम्ही सगळेच करतो. मीही दहा जणांना केला.

गणपतीला आले की ठेवून घ्याल याची भीती वाटते. तरी लिहिलं.

प्रेम असू द्या.
प्रांजल


आंबेरी,
३१ ऑगस्ट

चि. प्रांजलला बाबांचे आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. आत्याला मी काही बोलणार नाही, तूही बोलू नकोस. तिचं पत्र आलं तेव्हाच मला संशय आला होता. साध्या तापाची चार पानं लिहिणारी बाई, दहा फेऱ्या चार ओळींत उरकते?

आईला करंगळीचं मी सांगेन. तू आल्यावर ती ओरडेल, ओरडू दे. गौरी गेल्या की तू परत जाशील.

तुझ्याबद्दल मी ताईला विचारलं, देवाला तीनदा विचारलं. तुलाच विचारायचं राहून गेलं. तर आता विचारतो. दहाव्या फेरीला समोर कोण होतं? मुलगा की मुलगी? तुझ्याहून उंच? आणि शेवटचं मिनिट तू कशी उभी राहिलीस? घरी आल्यावर सगळ्यांत बोलणं व्हायचं नाही. लिहूनच पाठव.

तुझा,
बाबा