पाचव्या रांगेतला नट

स्क्रँटन, मंगळवार सकाळ

तीर्थरूप डीलियामावशीला तुझ्या कॉर्नेलियसचा लांबूनच नमस्कार. (लांबून, कारण काल संध्याकाळी मी दार वाजवलं तेव्हा आतून कडी घातल्याचा आवाज आला. म्हणून हे पत्र दाराखालून सरकवतोय.) तुझी प्रकृती कशी आहे? विशेषतः उजवा खांदा? या वयात छत्री एवढ्या जोरात फिरवल्यावर शेकून घ्यायला हवा. माझ्या डोक्याची काळजी नसावी. टेंगूळ आहे, पण टोपी बसते.

मावशी, मी प्यायलेलो नव्हतो. हे आधी लिहितो, कारण तुझ्या शेजारच्या मिसेस बॉयलनी एव्हाना अख्ख्या गल्लीत काय सांगितलं असेल ते मला इथे बसून ऐकू येतंय. काल दुपारी थिएटरात मी जे केलं तोच माझा धंदा आहे. ऑगस्ट फेंडर रंगमंचावर गातो, आणि मी पाचव्या रांगेत तिकीट काढून आलेल्या गिऱ्हाइकासारखा बसतो आणि मध्येच ओरडतो, "अहो, घशात बोकड अडकलाय का?" तो चिडतो, मी बाह्या सरसावतो, लोक आधी माझ्यावर खवळतात, मग हळूहळू हसायला लागतात, आणि शेवटी दारवान माझं बखोट धरून मला बाहेर काढतो तेव्हा टाळ्या पडतात. इतकी वर्षं मी हेच करतोय. बफेलोपासून ओमाहापर्यंत मला हाकलून दिलं नाही असं थिएटर उरलेलं नाही.

तू म्हणशील, मग पत्रांतून थापा का मारल्यास? एकही मारली नाही. 'सगळे माझ्याकडे बघतात, मी निघालो की टाळ्यांचा कडकडाट होतो', यातला शब्द न् शब्द खरा आहे. रंगमंचावर असतो असं मी कुठे लिहिलं? ते तूच धरून चाललीस आणि फादर मल्वींना सांगितलंस. (त्या भल्या माणसाने माझ्या आवाजासाठी प्रार्थना केली म्हणे. गुण आला. आता शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.) सगळं उघड करायची सोय नव्हती. प्रेक्षकांत पेरलेल्या माणसाने तोंड शिवून राहायचं असतं. एका नातेवाइकाला कळलं की गावाला कळतं, आणि खेळ मेलाच. त्यामुळे नट ज्या मागच्या दाराने जातात त्या दाराने मी कधी गेलेलो नाही. तोंडाला रंग लावलेला नाही. जाहिरातीवर नाव ऑगस्टचं. आमच्याआधी सायकल चालवणारं अस्वल असतं, त्याचंसुद्धा नाव छापतात, मावशी. म्हणून तर स्क्रँटन आजवर टाळत आलो होतो. या वेळी एजंटने मला विचारलंच नाही.

काल मी कॉलर वर करून बसलो होतो. माझ्या पत्रांतलं ऑगस्टचं नाव जाहिरातीवर वाचून तू येशील आणि नेमकी माझ्या मागच्याच रांगेत बसशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. ऑगस्ट गायला लागला आणि पाठीमागून तुझा आवाज आला, मिसेस बॉयलना सांगत होतीस: "याचं आटपलं की आमचा कॉनी येईल बघा. मोठी माणसं मागूनच येतात." मी कॉलर आणखी वर ओढली. तेवढ्यात माझ्या वाक्याची वेळ आली. ऑगस्ट वर थांबून माझी वाट बघत होता. काय करणार? ओरडलो. बोकडाचं वाक्य पुरं व्हायच्या आत छत्री डोक्यावर बसली. "मेल्या, माझ्या पोराची पाळी आली की असाच बोंबलशील का!" मी वळलो. तू माझं तोंड बघितलंस. "कॉनी?" म्हणालीस, अगदी हळू, मी गोवराने आजारी असताना म्हणायचीस तसं. आणि मग दुसरा तडाखा दिलास. पहिला परक्याला होता, त्याचं काही वाटत नाही. दुसऱ्याने मी रात्रभर जागा आहे.

लोक मात्र खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. एवढं हसू आम्हाला आजवर कधी मिळालं नाही. तुला ठाऊक नसेल, पण सोमवारच्या पहिल्या खेळानंतर मॅनेजर ज्याच्या हातात त्याचे भिंतीवर लावलेले फोटो परत ठेवतो, त्याचं काम सुटलं; त्याने मुकाट्याने पेटी भरायची असते. इथले मॅनेजर मिस्टर क्विगलींनी ऑगस्टचे फोटो भिंतीवरून काढलेसुद्धा होते. छत्री बघून त्यांनी ते पुन्हा टांगले, आणि आम्हाला कार्यक्रमात शेवटून दुसरी जागा दिली. ती जागा फक्त नामवंतांना मिळते. मला आनंद व्हायला हवा होता.

दार उघड, मावशी. मला दुसरं काही नको.

तुझाच,
कॉर्नेलियस

ता. क. दुसरं थोडं हवं आहे. क्विगली म्हणतात, ती बाई रोज दोन्ही खेळांना आली तरच फोटो भिंतीवर राहतील. छत्री तीच आण. मिसेस बॉयलनाही फुकट बसवतील.

आणखी ता. क. हे लिहिणार नव्हतो. आज सकाळी क्विगली ऑगस्टला म्हणाले, "म्हातारी सोडू नकोस. डोकं काय, कुणाचंही चालेल. आपल्या दारवानाचा मेहुणा रिकामाच आहे." दुपारी ते स्वतः तुझ्याकडे येतील, टोपी हातात घेऊन गोड बोलतील. त्यांना नाही म्हणू नकोस. फक्त एवढं सांग, की मी माझ्या पोराशिवाय दुसऱ्या कुणाला मारत नाही.