बोरमाळेचा दोरा

काशीनाथराव पटवेकरी,

तुमी वालूरचा बाजार सोडून हैदराबादला लेकाकडं गेलात आन् इथं दागिने ओवणारं एक माणूस मागं ठेवलं न्हाई, ही कुठली रीत? माझ्या आईची बोरमाळ तुटलीय. सेलूचा सोनार म्हणतो, "मावशी, रेशमाचा जमाना गेला. तारेत ओवून देतो." मी म्हणलं, "तार तुझ्या म्हशीच्या गळ्यात बांध."

तुमी लाल रेशीम पायाच्या अंगठ्याला अडकवून पीळ भरायचात आन् दर मण्यामागं गाठ मारायचात. दोरा तुटला तरी एखादाच मणी निसटायचा. आन् माळ गळ्यावर कशी मऊ पडायची! तसा सफाईचा हात पुन्हा बघितला न्हाई.

तरी दर दोन-तीन महिन्याला माझा दोरा तुटायचाच. सासू म्हणायची, "दैवशाले, तुझ्या गळ्याला दात हायेत का गं?" तुमी कधी काही विचारलं न्हाई. मान खाली घालून ओवायचात आन् मी समोर बसून राहायची. आता सासू न्हाई, मालक बी गेले, म्हणून लिहिते. दोरा मीच तोडायची, दातानं.

तुमी गाव सोडणार हे कळलं, तवापासून दात लावला न्हाई. अकरा वर्षं तो दोरा लय जपला. परवा आपोआपच तुटला. हे पत्र धाडायला तुमचा पत्ता कुणाला विचारू, आन् काय म्हणून विचारू? पण ओवायला येणार का न्हाई, ते दसऱ्याच्या आत कळवा.

तुमचं जुनं गिऱ्हाईक,
दैवशाला