आप्पांच्या पदाची पट्टी

१२ जानेवारी, लातूर
एका पदाची खरी किंमत लिहून ठेवतो. पैसा सोडा. तालमीच्या चहात बायकोची, शकूची, घागर गेली, पुढचा टँकर परवा. शेजाऱ्यांची झोप गेली. वर दुसरा अंक जागीच बसला. बाप पोरीला सोडायला स्टँडवर उभा, यष्टी सुटायला आलेली, आणि हा आलाप घेतो! ड्रायव्हर काय बिडी पेटवून ऐकत बसतो?
संगीत नाटकाबद्दल माझं मत एवढंच.
विहिरी आटल्या, म्हणून पंपाच्या मोटारी जळत नाहीत, म्हणून माझं वाइंडिंगचं दुकान थंड, म्हणून नाटक. नवा जिल्हा झाल्यावर नांदेडच्या स्पर्धेला आपलं पहिलंच. त्यात पद घातलं फक्त महादप्पांसाठी; बापाचं काम आप्पांचं, गळा जुन्या गवयाचा. घशात गाठ आहे. सोलापूरचा डॉक्टर म्हणतो, काढावी लागेल, आवाजाची हमी नाही. "नागू, आवाज जायच्या आधी एक पद दे रे. लई न्हाई, एकच." त्यांच्या कापडदुकानात गठ्ठे उचलून मोठा झालो. नाही कसं म्हणू.

१९ जाने.
वरच्या 'सा'ला आप्पांचा आवाज फाटला. पानाचा डबा उघडून बसले.

२४ जाने.
आज सलीमभाईनं पायपेटीवर पद काळी दोनऐवजी पांढरी दोनमधून धरलं. अर्धा सूर खाली. तबलजी सामील. बाकी कोणाला पत्ता नाही, पण बेअरिंग गेलेली मोटार मी रस्त्यापलीकडून ओळखतो, माझ्या कानातून काय सुटणार? बाजूला घेतलं.
"उतरवलं न्हाई भाई, जरा सावलीत बसवलं."
'सा' लागला. आप्पांचा चेहरा बघून मीही गप्प.

३० जाने.
आता काळी एक, आणखी अर्धा सूर खाली. आप्पा सुटलेत. शकूला म्हणाले, "सूनबाई, गळा मोकळा झाला बघ!" तिनं त्यांच्या चहात साखर जास्त घातली.

२ फेब्रु.
घोटाळा. आप्पांनी सोलापूरची ऑपरेशनची तारीख मोडली. "आवाज परत आला, मग चाकू कशाला?"
शकूला सगळं सांगितलं. "अहो, मग सांगा की त्यांना."
"प्रयोग होऊ दे."
"तोवर गाठ थांबती का?"


४ फेब्रु.
सलीमभाईला म्हणालो, काळी दोन. त्यानं माझ्याकडं बघितलं, "अल्ला माफ करे," म्हणत पेटी धरली. वरच्या 'सा'ला आप्पा अडकले. खोकला. तबला थांबला.
"कवापासून उतरवून राहिलात?" आप्पांनी विचारलं.
"दहा-बारा दिस," सलीमभाई म्हणाला.
"दोघं मिळून?"
"हाव."
आप्पा पानाला चुना लावत बसले. मग, "लेकाच्यांनो, जल्मात कुण्या गिऱ्हाइकाला आखूड मोजून दिलं न्हाई मी. अन् तुम्ही मलाच..." हसले. मला जमलं नाही.
जाताना, "त्या चाकूवाल्याला फोन लाव."
एवढ्या जुन्या गवयाला बारा दिवस कळलं नसेल? विचारलं नाही.

११ फेब्रु., नांदेड
प्रयोग झाला. विंगेत आप्पा सलीमभाईला, "काळी एकच धर. आता उजागरीनं."
गायले. वन्स मोअर आला. माझी सक्त ताकीद होती, माझ्या नाटकात वन्स मोअर घ्यायचा नाही, सरळ पुढचं वाक्य. आप्पांनी विंगेकडं बघितलं. मी मान डोलावली. परत गायले. पोरगी यष्टीच्या पायरीवर पाय ठेवून उभी, यष्टी खोळंबलेली.
यष्टी थांबत नाही, खरं आहे. पण सोडायला आलेल्याला वाटतं, थांबावी. तेही खरंच की. माझ्या संवादात ते नव्हतं.
परीक्षकांचा शेरा : दिग्दर्शकाची पकड सैल.

१७ फेब्रु., सोलापूर
गाठ काढली. तुकडा तपासायला मुंबईला पाठवलाय. आवाजाचं विचारलं तर डॉक्टर म्हणतात, बघू. आप्पांना बोलायची बंदी, उशाशी पाटी-पेन्सिल. दुपारी शकू डबा धुवायला गेली तेव्हा त्यांच्याजवळ बसून ते पद हळूच गुणगुणलो. डोळे मिटून ऐकत होते. मग कपाळाला आठी. पाटी ओढली :
"बेसूर. पहिल्या ओळीपासून."
माझ्या कानाला कळलंच नव्हतं.