कड्याखालची लोकर कोण नेतं

३ जून
आजपासून रोज लिहिणार. पुरावा लागतो.
थेल्माचे मामा गेले त्याला ऑक्टोबरात वर्ष होतंय. त्यांच्या नावाचं जेवण आहे. त्या दिवशी अंगावर घेऊन नाचायची लहान शाल मी विणायची. आमच्यात कुळांच्या दोन बाजू; ते कावळ्यांच्या बाजूचे, आम्ही गरुडांच्या. एका बाजूची शाल दुसरीनं विणायची, लोकर मात्र ज्यांची शाल त्यांनी आणायची, ही रीत. पण थेल्मा माझी भावजय, मी ओळखून आहे तिला. तिच्या भरवशावर राहिले तर झालंच! घरातल्या जुन्या लोकरीत निम्मी शाल होईल. बाकीची रानबकऱ्यांची लोकर मीच वेचणार. माग मांडला. सोमवारपासून सुरू.

९ जून, सोमवार
कड्याखाली गेले. बकऱ्यांची हिवाळ्याची लोकर गळते, झुडपांना पुंजके लटकतात. ह्या खेपेला झुडपं साफ! चिखलात बायकी बुटाचा ठसा. थेल्माचा पाय तेवढाच. माझाही तेवढाच, पण मी नव्हते.
विणकाम उद्या.

१७ जून
थेल्मा रस्त्यात भेटली. वन्सं, कुठवर आली शाल? म्हटलं, होतेय. एवढं गोड का बोलते? तिच्या बाहीला पांढरा केस होता. नवऱ्याला सांगितलं. ऑर्विल म्हणे, अगं, तिचा कुत्रा पांढरा आहे. हाही कावळ्यांच्याच बाजूचा!

२६ जून, दुपार
पाळत ठेवली. चोर नाही, एक बोकड आला. अर्धा तास नुसता टक लावून. आडोशाला लघवीला बसले तर मागोमाग तिथंही. खारटासाठी येतात मेले. मी उठायच्या आत माती चाटायला लागला. थेल्मानंच पाठवला असेल, सांगता येत नाही.

५ जुलै
युक्ती केली. झुडपांपाशी मिठाचा खडा ठेवला. बकऱ्या येतील, अंग घासतील, लोकर माझी.
सात आल्या, पिल्लांसकट. मीठ संपवलं, मग माझ्या पिशवीचा घामट पट्टा चावून तोडला. एकीनं शिंगं रोखली. खाली पळाले. लोकर मूठभर.
लोकरीच्या धाग्यात पिळायला भिजत घातलेली झाडाची साल कुजली. पाळत ठेवायची की साल बघायची?

२१ जुलै
मासे धुराला टांगताना बायकांना चोरीचं सगळं सांगितलं. नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, चोर उंच आहे, माझ्या भावाच्या घरी राहते. मर्टल म्हणे, मग थेल्मा म्हण की सरळ!

१४ ऑगस्ट
पिल्लंवाल्या बकऱ्यांची लोकर सगळ्यात शेवटी गळते. चढले. पकडली!! थेल्मा झुडपात वाकलेली. शेजारी पोतं धरून माझा ऑर्विल.
ओरडले, कुणाची लोकर ही? थेल्मा म्हणे, कुणाची म्हणजे? मामाच्या शालीची. आम्हीच द्यायची ना, वन्सं? बरं झालं आलात, हे पोतं धरा, माझे गुडघे दुखतात. ऑर्विलला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणे, थेल्माचं नाव काढलं की तू ऐकतेस कुठं?
पोतं मीच उतरवलं.

१६ ऑगस्ट
थेल्मानं आणि ऑर्विलनं चार पोती आणून टाकली. धुतलेली, राठ केस निवडून काढलेले. काडीकचरा शोधला, मिळाला नाही.
थेल्मा दारातूनच म्हणाली, दाखवा की शाल, निम्मी तरी झाली असेल. म्हटलं, अर्धवट शाल दाखवत नाहीत आमच्यात. ती म्हणे, असं कधी ऐकलं नाही बाई. आणि आत शिरली.
मागावर ऑर्विलचे मोजे वाळत होते.
दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आधीच ठरलेलं असणार.