कड्याच्या आतले ठोके

३ मार्च
आलो एकदाचा! दादा बसथांब्यावर घ्यायला आला होता. केसांपासून पापण्यांपर्यंत दगडाची पांढरी भुकटी. म्हातारा झालास की काय, म्हटलं, तर त्याने तीच भुकटी माझ्या गालाला फासली. खाणीच्या वरच्या अंगाला त्यांची पत्र्याची खोली. वहिनीने पडदा लावून माझ्यासाठी कोपरा करून ठेवलाय. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोघं एका ताटात जेवतात.

९ मार्च
काम शिकतोय. दादा दगडाच्या रेघेवर पाचरी बसवतो, एकेकीवर घण घालत जातो, मग थांबून कान देतो. दगड फुटायच्या आधी आवाज बदलतो म्हणे. मला ढिम्म कळत नाही. माझ्या हातांवरचे फोड बघून म्हणाला, आईला कळवू नकोस, माझी खैर नाही.

१४ मार्च
दुपारी कडा ढासळला. दादा खाली होता. मी पाणी प्यायला वर आलो होतो.

१६ मार्च
दादा सापडला. मीच ढिगारा उपसत होतो. आधी हात दिसला. वहिनीला त्याचं तोंड दाखवू नका, असं खाणीचे मुकादम म्हणाले. तिने पाहिलंच. त्याला पोचवून आलो. वहिनीने सवयीने दोघांचं ताट वाढलं आणि ताटासमोर बसून राहिली.

२० मार्च
काम सुरू झालं. जेवणाच्या सुट्टीत यंत्रं बंद होती. कड्याच्या आतून ठोके आले. ठोका, ठोका, मग कान द्यायला थांबणं. दादाचंच. सगळ्यांनी ऐकलं. मुकादमांनी घाईघाईने यंत्रं चालू करायला लावली.

२२ मार्च
अर्धे लोक सामान बांधून गेले. वहिनी कड्याला कान लावून बसते. आपणच त्याला पोचवलं ना, असं मी समजावलं. तिने मान हलवली. मग म्हणाली, "भाऊजी, ते दमलेत हो. ठोके हळू पडतायत."
तिला ओढून न्यायला हवं होतं. मीही कान लावला.

२३ मार्च
कड्याला चीर पडली. सुरुंग लावलाच नव्हता. वहिनीने पाण्याचा तांब्या आत सरकवला.
रिकामा परत आला.

२४ मार्च
वहिनी नाही. चपला चिरेपाशी. आत आता दोघांचे ठोके —
मुकादम म्हणतात, पळ. पण आईला काय सांगू, दोघांना आत सोडून —

२५ मार्च
खाणीत कुणी नाही. वही मांडीवर. आत वहिनी हसतेय. दादा काहीतरी — मला बोलावतायत —
डावा हात आत घातला. कुणीतरी बोटं धरली. घट्ट.
ही पकड दादाची नाही. वहिनीचीही —