वादीपलीकडचं सिनेगॉग

मित्स्पे रामोन,
बुधवार, १६ ऑक्टोबर १९६३

प्रिय मल्का,

तुझं पत्र सोमवारी खाणीच्या ट्रकबरोबर वर आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मी जेवण टाकून उठलो, हे खरं तर लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं, आता खोडत नाही. उत्तराला दोन दिवस लागले. तीन कागद रागाने फाडले. माझा राग तुला नवा नाही, फक्त या वेळी तो माझ्यावरच होता.

शिकाऊ बाई म्हणून तुला आठवीचा वर्ग मिळाला, तू मुलांचे गट करून पावसाच्या पाण्यावर काम दिलंस, आणि एक मुलगा येऊन म्हणाला की सगळं मीच केलं, बाकीचे नुसते बसून होते, मला वेगळे मार्क द्या. गटाला एकच मार्क द्यावा की ज्याचा त्याला, असं तू विचारतेस. आणि खाली लिहितेस, 'माझ्याही वर्गात एक योना निघाला बघ.' ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. पावणेतीन वर्षं झाली, तरी तुझ्या लेखी योना म्हणजे चहाडखोर. त्या योनाबद्दल मला तुला काही सांगायचंय. ते वाचल्यावर तू मला पुन्हा पत्र लिहिशील की नाही, ठाऊक नाही. तरी वाच.

आपल्या तिघांचा नकाशा आठव. मोरा झिव बाईंनी भूगोलाच्या तासाला सांगितलं होतं, आपली वस्ती ते वादीच्या कोरड्या पात्राचा काठ, नकाशा काढा, प्लॅस्टरचा देखावा करा, तिघांना मिळून एकच मार्क मिळेल. मला तेव्हा बेर्शेबात येऊन वर्षही झालं नव्हतं. ठाण्याच्या शाळेत मी मॉनिटर होतो. तिथे शेजारच्याच्या वहीत डोकावणं म्हणजे कॉपी, आणि कॉपी दिसली की मास्तरांना सांगणं हे मॉनिटरचं काम. तिघांना एक मार्क ही काय भानगड, मला कळेना. मी फीत घेऊन उन्हात वणवण मोजत फिरलो, धूळ खाल्ली, आकडे लिहिले. तू घराघरांत चहा पीत फिरत होतीस, म्हाताऱ्यांना विचारत होतीस की या उंचवट्याला काय म्हणता, त्या विहिरीला काय म्हणता. योना तर काहीच करताना दिसायचा नाही. मी मराठीत विचारायचो, घरी मराठीच बोलणारा तो मला हिब्रूत उत्तर द्यायचा आणि तुला हसवायचा. शाळा सुटली की तुझी पिशवीही तोच धरायचा. हे शेवटचं वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही.

मग त्या शुक्रवारी मी वर्गात शिरलो तर योना माझ्या कागदावर खोडरबर चालवत होता, आणि तू शेजारी बसून त्याला आकडे वाचून दाखवत होतीस. माझं डोकं फिरलं. माझा हात झटकून तो म्हणाला, ठाणेकर, तुझा कागद घाण झाला होता, स्वच्छ करून देतोय. मी तो कागद पुन्हा पाहिलाही नाही. रविवारी, आठवड्याच्या पहिल्याच सकाळी, घंटा व्हायच्या आधी, मी मोरा झिवांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं की मोजणी मी एकट्याने केली, ही दोघं गप्पा मारत होती.

हो, मल्का. ती चहाडी मी केली.

मला वाटलं होतं, खरं सांगतोय, शाबासकी मिळेल. मिळाले मला नऊ, तुम्हाला पाच-पाच. आणि दुपारपर्यंत सगळ्या वर्गात एकच शब्द, मल्शीन, चहाडखोर. या देशात त्याहून वाईट शिवी पोरांकडे नाही, हे मला त्या दिवशी समजलं. मार्क माझे वाढले होते, तरी संशय माझ्यावर आला नाही. नव्या आलेल्याला धड बोलताही येत नाही, तो काय सांगणार? आणि योना त्याच सकाळी मोरा झिवांच्या खोलीतून बाहेर येताना कोणी तरी पाहिला होता. त्याचेही मार्क गेले होते, पण त्याला तोंड सांभाळता आलं नसेल, असं सगळ्यांनी धरलं. कागदावरच्या खाडाखोडीचा दोष मला लागू नये म्हणून तो तिथे गेला होता, हे मला आत्ता कळतंय. तेव्हा मी गप्प बसलो. आधी भीतीने. मग तू त्याच्याशी बोलणं सोडलंस, तुझी पिशवी तू स्वतः धरायला लागलीस, आणि मी गप्प बसलो ते भीतीने नव्हे. त्या पाच मार्कांनी तुझी शिष्यवृत्ती हुकली, शिक्षिकांच्या सेमिनारला जाण्याआधी तू वर्षभर कापडाच्या कारखान्यात उभी राहिलीस, तरी मी गप्पच. शनिवारी तुझ्याबरोबर फिरायला मिळत होतं ना.

हैफाचं कॉलेज मी का सोडलं, ते तुला अर्धंच सांगितलंय. प्रयोगशाळेत जोडीदाराने अहवालावर दोघांची नावं घातली, मी सगळ्यांसमोर तो फाडला आणि चालता झालो. तू लिहिलंस, स्वाभिमानी आहेस. स्वाभिमान कसला? दोन नावं शेजारी दिसली की मला त्यातलं एक खोडावंसं वाटतं, इतकंच. दुसऱ्या कुठे काम मिळेना म्हणून मेमध्ये इथे खाणीवर आलो, तर नोंदवहीच्या टेबलाशी योना. शाळा सोडल्यापासून तो इथेच आहे. मला वाटलं, तोंड फिरवेल. तर म्हणतो, ये ठाणेकर, पलंग एक रिकामा आहे, पण त्याचा पाय मोडका आहे, तुझ्यासारखाच तिरका. पाच महिने आम्ही एका खोलीत राहतोय आणि मी हे तुला कळवलं नाही.

गेल्या आठवड्यात ट्रकसाठी नवी वाट आखत होतो. फितीचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. मी आकडा ओरडून सांगितला, आणि तो खालून ओरडला, मीटर सांग रे बाबा, फूट नको, नाही तर सिनेगॉग पुन्हा वादीपलीकडे जाईल. खाली बसून हसायला लागला. मी विचारलं, पुन्हा म्हणजे? मग त्याने सांगितलं. शाळेची ती फीत इंग्रजांच्या वेळची होती, एका बाजूला फूट आणि एका बाजूला मीटर. ठाण्यात जन्मभर फूट मोजलेला मी, हात आपसूक त्याच बाजूला गेला, आणि वहीत लिहिले मीटर. वादी आपण सरकारी नकाशावरून घेतली होती, ती बरोबर होती. माझ्या आकड्यांनी घरं तिपटीने लांब गेली, सिनेगॉग थेट पलीकडच्या काठावर. योनाला ते दिसलं. तू वाचून दाखवलेले आकडे त्याने एक-एक करून बदलले, आणि तुलाही कारण सांगितलं नाही, कारण तू हसली असतीस आणि मला ते सोसलं नसतं. म्हणजे ज्या नऊ मार्कांसाठी मी तुम्हा दोघांना खाली ओढलं, ते त्याचे होते. आणि त्या नकाशावर नावं नसती तर तो कुठलाही माळ झाला असता, म्हणजे तुझेही.

मी विचारलं, मग तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, मी नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग कोण. उरला होतास तूच. मला माझा मोहल्ला होता, भाऊ होते, तुला बेर्शेबात कोण होतं? एवढं बोलून त्याने फीत गुंडाळली आणि तो चहा टाकायला गेला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. एकच मार्क दे. पण देण्याआधी एकेकाला वेगळं बोलाव, आणि तू काय केलंस असं विचारू नकोस. ते सगळ्यांना पाठ असतं, मला होतं. दुसऱ्यांनी काय केलं ते सांग, असं विचार. ज्याला सांगता येणार नाही, त्याने डोळे मिटून काम केलंय, भले राबला असेल. त्याला परत पाठव, बघून ये म्हणावं. खरंच कोणी बसून राहिला असेल तर तेही आपोआप बाहेर येईल. आणि त्या मुलावर रागावू नकोस. तो कदाचित कुठल्याशा शाळेतून मॉनिटर होऊन आलेला असेल. फक्त त्याला योना म्हणू नकोस. नाव ठेवायचंच असेल तर माझं ठेव.

मोरा झिवांनाही मी काल पत्र टाकलं, सगळं खरं लिहून. कॉलेजलाही लिहिलं होतं, माफी मागून. त्यांचं उत्तर आलंय, लष्कराची वर्षं उरकून ये, जागा देऊ. जोडीदाराचंही आलं, एका ओळीचं: या वेळी फाडायच्या आधी वाच. मला हसू आलं, मल्का. खूप दिवसांनी आलं.

रविवारी मला लष्करात हजर व्हायचंय. त्याआधी शुक्रवारच्या बसने बेर्शेबाला येऊन हे तोंडाने सांगता आलं असतं. पण मी आलो असतो तर पुन्हा माझंच झालं असतं, माझा राग, माझं रडणं, आणि तू मला क्षमा करायची की नाही यातच दुपार गेली असती. म्हणून मी येत नाही. हे पत्र टपालाने आलेलं नाही, तुझ्या लक्षात आलंच असेल, पाकिटावर तिकीट नाही. ते देणारा योना आहे. आत काय आहे ते त्याला माहीत नाही. प्रेमपत्र आहे असं समजून सकाळपासून मला छळतोय. तो तुझ्या हातात पाकीट देऊन लगेच निघायला बघेल, कारण तू दार लावशील याची त्याला खात्री आहे, आणि शिष्यवृत्तीचा राग धरून बसलेल्या तुझ्या आईलाही तेच बरं वाटेल. तू त्याला जाऊ देऊ नकोस. वाचून होईपर्यंत दारातच थांब म्हण, मग आत बोलाव, बसव. मला काय लिहायचं, लिहायचं की नाही, ते नंतर निवांत ठरव. त्याची परतीची बस चारला आहे, तोवर वेळ आहे.

तू ठेवलंस तर तुझाच,
इमॅन्युएल